दर शुक्रवारी नवा धडा कुठून आणू?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात देते. नोकरी करतात, घरी नवरा, 13 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. दर शुक्रवारी त्यांचा प्रार्थनेचा छोटा ग्रुप जमतो आणि सुरुवातीलाच प्रत्येकाला विचारलं जातं, ‘या आठवड्यात रोजच्या जगण्यातून देवाने तुम्हाला काय शिकवलं?’ बाकीच्यांकडे दर वेळी काहीतरी सुंदर असतं. यांच्याकडे काहीच नसायचं, म्हणून मग यांनी धडे तयार करायला सुरुवात केली. मोबाईलची बॅटरी संपली की प्रार्थना म्हणजे चार्जर, सिग्नल लाल झाला की देव म्हणतोय थांब. सगळ्यांना आवडायचं, पण घरी जाताना यांनाच खोटं वाटायचं. पुढे सवय एवढी लागली की मुलगा मॅच हरून आला आणि यांनी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, ‘मम्मी, प्लीज, यातून धडा काढू नकोस.’ आणि शेवटी महिन्याभरापूर्वी जवळच्या मैत्रिणीची आई गेली, तेव्हा यांच्या तोंडून निघून गेलं, ‘देव यातून तुला काहीतरी शिकवतोय बघ.’ मैत्रीण तेव्हापासून नीट बोलत नाही. ताई विचारतात, ‘इतरांना रोजच्या गोष्टींत देव दिसतो, मला दिसत नाही, म्हणजे माझा विश्वास कमी आहे का? आणि खरा धडा ओळखायचा कसा?’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडकले. तुम्ही लिहिलंय, ‘मागच्या गुरुवारी तर काहीच घडलं नाही, ऑफिस, स्वयंपाक, सासूबाईंच्या पायाची नखं कापली आणि झोपले, आता यात काय सांगणार?’ ही ओळ तुम्ही कंसात टाकलीय, म्हणजे तुमच्या लेखी ती मोजण्यातलीच नाही. तिच्याकडे मी नंतर येते, आत्ता फक्त एवढंच की ती वाचून मी खुर्चीत जरा सरळ बसले.

आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं. विश्वास कमी आहे का? मला नाही वाटत. विश्वास कमी असता तर बॅटरीच्या साक्षीनंतर (ग्रुपमध्ये सांगितलेल्या अनुभवाला साक्ष म्हणतात) घरी जाताना टोचलं नसतं, टाळ्या मिळाल्या की पुढच्या शुक्रवारची तयारी सुरू झाली असती. जे टोचलं त्याला मी तरी चांगली खूण म्हणेन. माझी शंका वेगळ्याच गोष्टीवर आहे, ती त्या प्रश्नावर. ‘देवाने काय शिकवलं’ हा प्रश्न ऐकायला भक्तीचा वाटतो पण त्यात न बोलता तीन गोष्टी धरून चाललेल्या असतात, की प्रत्येक घटनेत धडा असतोच, तो शुक्रवारपर्यंत कळतोच, आणि तो चारचौघांत सांगण्यासारखा असतोच. या तिन्हींचा पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आधार शोधायला गेलात तर पंचाईत होईल.

शुक्रवारचंच घ्या. योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं आणि मग विकलं तेव्हा तो 17 वर्षांचा होता. मिसरच्या राजापुढे, फारोपुढे उभा राहिला तेव्हा 30. मग सुकाळाची 7 वर्षं, दुष्काळाची 2, आणि तेव्हा कुठे तो भावांना म्हणतो की तुम्ही नाही, देवाने मला इकडे पाठवलं. हिशोब केलात तर 39 वर्षांचा झालेला असतो, म्हणजे कळायला 22 वर्षं लागली. आता कल्पना करा की त्या खड्ड्यातल्या आठवड्यात त्याला कुणी विचारलंय, हं योसेफ, या आठवड्यात काय शिकलास? तो बिचारा काय सांगणार, कोरडा खड्डा आहे आणि वर भाऊ जेवायला बसलेत. (हे मी मजेत नाही म्हणत, बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात, 37व्या अध्यायात खरंच तसं आहे, त्याला खड्ड्यात टाकून ते जेवायला बसले.) अम्माऊस गावाच्या वाटेवरच्या दोन शिष्यांचं तेच, मरणातून उठलेला येशू शेजारून चालतोय, बोलतोय, आणि यांना पत्ता नाही. भाकर मोडल्यावर डोळे उघडले आणि मग मागे वळून म्हणाले की अरे, वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतून पेटलं नव्हतं का. चालताना कळलं नाही म्हणून त्यांना कुणी अविश्वासी ठरवलं नाही. आणि स्तोत्र 88 वाचा एकदा, ते तर अंधारातच संपतं, शेवटच्या ओळीत उजेड नाही, ‘पण तरीही’ नाही. तेही शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. एखाद्या शुक्रवारी तुमच्याकडे तेवढंच असेल तर तेवढंच आणा.

आता प्रत्येक घटनेत धडा असतोच का, हे जरा नाजूक आहे आणि तुमच्या मैत्रिणीचं दुखणं इथेच आहे. लूकच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात लोक येशूकडे बातमी घेऊन येतात, रोमन सुभेदार पिलाताने काही गालीलकरांना मारलं त्याची, आणि येशू स्वतःहून दुसरी बातमी काढतो, शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं मेली ती. आणि विचारतो, ते काय बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला? नाही, मी सांगतो, नाही. मग लगेच विचारणाऱ्यांकडेच वळतो, तुम्ही पश्चात्ताप करा. म्हणजे बघा, धडा आहे, पण तो मेलेल्यांच्या घरच्यांना सांगायचा नाहीये, जो विचारतोय त्याने स्वतःपुरता घ्यायचा आहे. योहान 9 मध्ये जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य तत्काळ कारण शोधायला बसतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं. येशू तो हिशोबच बाजूला सारतो, म्हणतो देवाची कामं याच्या ठिकाणी दिसावीत म्हणून, आणि थुंकीने चिखल करून कामाला लागतो. शिष्यांना तो माणूस चर्चेचा विषय वाटला होता, येशूने त्याच्या डोळ्यांना हात लावला.

मी हे मोठ्या तोंडाने सांगतेय पण माझीही चूक सांगते. बरीच वर्षं झाली, ओळखीच्या एका घरात तरुण मुलगा गेला. मी त्याच्या आईशेजारी बसले होते, शांतता असह्य झाली, आणि मी सुंदरसं काहीतरी बोलले, काय ते लिहीत नाही कारण अजून लाज वाटते. ती बाई माझ्याकडे बघतही नव्हती, मांडीवर त्याचा शर्ट होता आणि ती त्याची कॉलर सरळ करत होती, सरळ झाली की परत दुमडायची आणि परत सरळ करायची. मी तेव्हा त्या कॉलरीकडे बघून गप्प बसायला हवं होतं. पण मला वाक्य सुचलं होतं ना, मग ते वापरायला नको? तुमच्या बाबतीतही तेच झालं असणार, तुमचा हेतू वाईट नव्हता, शांततेची भीती वाटली. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रही आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर न बोलता बसले, आणि ते पुस्तक नीट वाचलं तर त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. आठव्या दिवसापासून धडे सुरू झाले, आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला.

मग रोजच्या आयुष्यात देव बोलतच नाही असं म्हणायचं का, तर तसं अजिबात नाही, आणि तुम्ही ते सोडून द्यावं असं तर मी कधीच म्हणणार नाही. मला फक्त क्रम उलटा झालाय असं वाटतं. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडा. देव यिर्मयाला पहिला प्रश्न काय विचारतो? ‘तू काय शिकलास’ असा नाही. ‘यिर्मया, तुला काय दिसतं?’ तो म्हणतो, बदामाची डहाळी. बास, एवढंच उत्तर. त्याने त्यात प्रार्थना, धीर, वसंत काही घातलं नाही. आणि देव म्हणतो, तुला बरोबर दिसलं. आधी बरोबर दिसण्याची पावती मिळाली, अर्थ नंतर देवाने सांगितला, तोही शब्दाच्या गमतीतून, कारण हिब्रूत बदाम म्हणजे शाकेद आणि जागं राहून लक्ष ठेवणारा म्हणजे शोकेद. हे यिर्मयाने डोकं खाजवून काढलेलं नाही. आमोस या दुसऱ्या संदेष्ट्यालाही हाच प्रश्न, ‘तुला काय दिसतं?’ आणि उत्तर, पिकलेल्या फळांची टोपली. पुढे यिर्मया 18 मध्ये तर त्याला उठून कुंभाराच्या घरी जायलाच सांगितलं, आणि तो गेला, चाक फिरताना बघितलं, मातीचं भांडं हातात बिघडलं ते बघितलं, कुंभाराने त्याच मातीचं दुसरं केलं ते बघितलं, आणि मग वचन आलं.

तुमची बॅटरी इथे फसते. त्यात तुम्ही काही बघितलंच नव्हतं. धडा (प्रार्थना करावी) आधीपासून माहीत होता, वस्तू हातात आली, दोन्ही जोडलं. असे धडे खोटे नसतात म्हणा, प्रार्थना करावी हे खरंच आहे, पण त्यातून तुम्हाला नवीन काहीच कळलं नाही म्हणून ते पोकळ वाटले. येशूचे दाखले, म्हणजे त्याच्या छोट्या बोधकथा, बघा किती वेगळे. बाई खमीर घेते आणि तीन मापं पिठात लपवते, तीन मापं म्हणजे थोडंथोडकं नाही, शंभरावर माणसं जेवतील एवढं पीठ, आणि शब्द ‘लपवते’. कणीक मळणाऱ्या बाईकडे कुणीतरी बराच वेळ बघितल्याशिवाय हे येत नाही. दुसरी एक बाई एक नाणं हरवलं म्हणून दिवा लावते, झाडते, आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावते. द्राक्षमळ्यात तासभर काम करणाऱ्याला दिवसभर राबणाऱ्याएवढीच मजुरी, हे ऐकून तर आपल्याला अजूनही थोडा राग येतो, आणि तो यायलाच हवा, कारण हे दाखले गाठ मारून हातात दिलेले नाहीत, ते घरी येऊन छळत राहतात. तुमचा चार्जर कुणाला कधी छळणार?

अजून एक, यावर फारसं कुणी बोलत नाही. लूक म्हणतो येशूने सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे 30 वर्षांचा होता. त्याआधीचं, बारा वर्षांचा असताना मंदिरात राहून गेला ती एक गोष्ट आणि बाळपण सोडलं तर, जवळजवळ काही लिहिलेलं नाही. सुतारकाम केलं. आणि त्या एवढ्या वर्षांच्या सुतारकामावर त्याचे दाखले किती? कुसळ आणि मुसळ आठवतं, फार तर घर खडकावर बांधणारा. बाकी सगळं दुसऱ्यांच्या कामाकडे बघून आलेलं, पेरणाऱ्यांकडे, मेंढपाळांकडे, पीठ मळणाऱ्या बायकांकडे. एवढी वर्षं नुसती जगलेली, आणि त्यांची साक्ष कुठे दिलेली नाही. मला यातून काय कळलं ते सांगत नाही, कारण पूर्ण कळलेलं नाही, पण ते मला धीर देतं.

आता नखं. सासूबाईंच्या पायाची नखं कापली असं तुम्ही लिहिलंत आणि माझं डोकं लगेच योहान 13 कडे धावलं, येशू शिष्यांचे पाय धुतो तिकडे. बघा, मीही तेच केलं, नखं राहिली बाजूला आणि धडा तयार. म्हणून मी स्वतःला थांबवते आणि तुम्हाला विचारते, तुम्हाला काय दिसलं? म्हातारपणी पायाची नखं जाड होतात, आधी कोमट पाण्यात भिजवावी लागतात, कोपरे खोल कापायचे नाहीत, सरळ कापायचं नाहीतर नख मांसात रुततं. म्हणजे तुम्ही खाली बसलात, त्यांचा पाय मांडीवर किंवा पाटावर घेतलात, कदाचित चष्मा लावलात. त्या काही बोलल्या का? पाय मागे घेतला का? त्यांना संकोच वाटला की सवयीचं झालंय? तुम्हाला कंटाळा आला होता का, किळस वाटली का थोडी, मनात ऑफिसचं काही चालू होतं का? याची उत्तरं मला कळवू नका, पण तुम्ही स्वतःला द्या. त्यातून धडा निघेल की नाही मला माहीत नाही. नाही निघाला तर एका म्हाताऱ्या बाईची नखं नीट कापली गेली, देवाच्या दृष्टीने ते कमी काम आहे असं मला कुठे वाचल्याचं आठवत नाही.

17व्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट या कॅथलिक पंथाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते, मठाच्या स्वयंपाकघरात त्यांनी 15 वर्षं काढली, आणि गंमत म्हणजे ते काम त्यांना मुळात आवडत नव्हतं. लोक त्यांच्याकडे आध्यात्मिक गोष्टी विचारायला यायचे. त्यांचं सांगणं असं काही नव्हतं की प्रत्येक भांड्यात धडा बघा, ते त्या गडबडीत देवाशी बोलत राहायचे, काम त्याच्यासाठी करायचे, बस. धडा म्हणाल तर त्यांना एक मिळाला होता, 18 वर्षांचे असताना हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड बघून, की याला थोड्याच दिवसांत पुन्हा पानं फुटतील, आणि देवाच्या काळजीची जी जाणीव तेव्हा झाली ती त्यांना 1691 मध्ये मरेपर्यंत पुरली. एकच झाड. तुमच्या ग्रुपमध्ये असते तर दुसऱ्या शुक्रवारी बिचाऱ्यांची फजिती झाली असती.

बरं, करायचं काय. पहिलं म्हणजे एक साधी वही घ्या आणि रोज रात्री त्यात दोन-तीन ओळी लिहा, फक्त काय घडलं आणि काय दिसलं, अर्थ लिहायचा नाही. हे सांगायला सोपं आहे, करायला कठीण, हात आपोआप ‘यावरून मला समजलं की’ लिहायला लागतो, ते खोडायचं. महिन्याभराने एका बैठकीत सगळं वाचा. मी करते तेव्हा मला धडे क्वचित सापडतात, पण काही गोष्टी परत परत आलेल्या दिसतात, एकाच माणसावरची चिडचिड, एकाच वेळी येणारी भीती, आणि एखादी व्यक्ती जिने आठवड्यातून तीनदा मदत केली आणि मी एकदाही थँक यू म्हटलं नाही. देव बोलत असेल तर बहुतेक वेळा तिथे, परत परत, हळू. वही जमत नसेल तर 16व्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संतांनी शिकवलेली दिवसाची उजळणी करा, झोपण्यापूर्वी दहा मिनिटं, आधी आभार, मग प्रकाश मागायचा, मग सकाळपासून दिवस आठवत यायचं, चुकलं त्याची क्षमा, आणि उद्याचं. तुम्ही कॅथलिक असा किंवा नसा, यात अडचण यावी असं काही नाही. लक्षात घ्या की सुरुवात आभारापासून आहे, आभार मानायला धडा सापडावा लागत नाही.

खरा धडा ओळखायचा कसा, असं तुम्ही विचारलंत. माझ्याकडे यंत्र नाही, मी एवढंच बघते की तो कुणाला लागू होतोय. मनात आलेला धडा नवऱ्याला, जावेला, ऑफिसातल्या त्या बाईला फिट बसत असेल तर मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, मलाच लागत असेल आणि थोडा नकोसा वाटत असेल तर जरा थांबून ऐकते. दुसरं, त्याने मी मऊ होते की हुशार दिसते? गलतीकरांच्या पत्रातली आत्म्याची फळं, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता वगैरे, ती त्यातून येतायत का? आणि तिसरं, शास्त्राच्या एकूण सुराशी तो जुळतो का, की एका सुट्या ओळीवर उभा आहे. शंका असेल तर चर्चच्या पाळकांना किंवा एखाद्या जुन्या विश्वासू माणसाला खाजगीत विचारा, ग्रुपमध्ये नको. आणि जे लोक खुणांवरून निर्णय घेतात, नोकरी सोडू का, लग्न करू का, त्यांनी गिदोनाची लोकर (लढाईआधी त्याने देवाकडे लोकरीवरच्या दवाची खूण मागितली होती) जरा बाजूला ठेवावी, देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं, लोकर त्याच्या भीतीमुळे आली.

एक गोष्ट तुमच्यासाठी नाही पण वाचणाऱ्या कुणासाठी तरी नक्की आहे. प्रत्येक बारीक गोष्ट, पेला फुटणं, बस चुकणं, देवाची शिक्षा किंवा इशारा वाटत असेल, त्यामुळे झोप उडाली असेल, तीच क्षमा दिवसातून वीसदा मागावी लागत असेल तर याला जास्त भक्ती समजू नका. पाळकांशी बोला आणि डॉक्टरांशीही बोला. याला उपचार आहेत, आणि ते घेणं म्हणजे विश्वास सोडणं नाही.

मुलाचं सांगते. तो बरोबर होता आणि त्याने ‘प्लीज’ म्हटलं, म्हणजे अजून प्रेमाने सांगतोय. तुम्ही म्हणाल की बायबलच्या अनुवाद या पुस्तकात, 6व्या अध्यायात लिहिलंय ना, घरी बसताना, वाटेने चालताना मुलांना सांगा म्हणून. लिहिलंय, पण तोच अध्याय आणखी पुढे वाचा, 20 व्या ओवीत आहे की पुढे तुझा मुलगा तुला विचारील, याचा अर्थ काय, तेव्हा तू त्याला सांग. विचारील तेव्हा. 13 वर्षांचा मुलगा मॅच हरून आल्यावर विचारत नसतो, त्याला भूक लागलेली असते. त्याला म्हणा की तू म्हणालास ते पटलं, मी प्रयत्न करतेय, आणि चुकले की परत टोक. तो टोकेल, काळजी नको.

ग्रुपचं मला वाटतं एखाद्या शुक्रवारी सरळ म्हणून बघा, ‘या आठवड्यात माझ्याकडे काही नाही, मी ऐकायला आलेय.’ माझा अंदाज आहे की खोलीत कमीत कमी एक जण सुटकेचा श्वास टाकेल. सगळेच बॅटऱ्या आणि सिग्नल घेऊन येत असतील, कुणी सांगावं. ग्रुप चालवणाऱ्यांना वेगळं गाठून प्रश्न बदलता येईल का विचारा, ‘काय दिसलं’ किंवा ‘कुठे अडलंय’ असा. नाही बदलला तर भांडू नका, पण जुन्या बॅटरीच्या साक्षींची जाहीर कबुली वगैरे देत बसायचीही गरज नाही, ती पुन्हा एक साक्षच होईल.

आणि मैत्रीण. हे सगळ्यात आधी करा, वही नंतर आणली तरी चालेल. मेसेज नको, जा किंवा निदान फोन करा. ‘त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं, सॉरी’ इतकंच. का बोललात ते समजावू नका, देव हा शब्दही त्या दिवशी काढू नका, मग विचारा, आई कशा होत्या गं? ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर बसा. ती अजून रागावलेली असेल, दार अर्धंच उघडेल, तरी पुढच्या आठवड्यात परत जा. आईचं सामान आवरायचं राहिलं असेल कदाचित, महिन्याभरात ते बहुतेक कुणाचं झालेलं नसतं, एक हात कमीच असतो तिथे.